सकाळपाळीचा माणूस

लेक नवा चष्मा बाथरूमच्या खिडकीत विसरली आणि जुनाच नाकावर चढवून निघून गेली. उद्या परगावी तिची नजर तपासणार होते, रेल्वे चालवायच्या नोकरीसाठी. जुन्या चष्म्यातून तिला समोरची म्हैस दिसत नाही, सिग्नल कुठला दिसायला!

तिचा फोन आला तेव्हा ती मोठ्या स्टेशनवर पोचली होती. आपली भुयारातली लाइन गोल फिरते. बाहेरगावच्या लाइनी त्या मोठ्या स्टेशनवरून फुटतात. आमच्या घरापासून ते दोनच स्टेशनं. मी चष्मा पदरात बांधला. हे म्हणाले, "मी येतो. तू चुकशील." बाबाही सोबत येतायत असं लेकीला सांगून मी फोन ठेवला.

ह्यांनी जन्मभर तीच गोल गाडी चालवली, पण कायम सकाळपाळीत. तरातरा जिना उतरले, एक नंबरच्या फलाटावर. समोर उभी होती त्या गाडीत मला ढकललं.

पहिलं स्टेशन आलं. भलतंच.

"अहो, दुपारनंतर एक नंबरची गाडी उलटी फिरते ना?"

"कोण म्हणतं?"

"भिंतीवर लिहिलंय हातभर अक्षरात!"

"मी चालवायचो तेव्हा नव्हती फिरत."

"तुम्ही दुपारी घरी घोरत होता!"

समोरच्या बाई खिडकीकडे तोंड करून हसल्या. मी म्हटलं, उतरून फिरू या. हे म्हणे, जिने चढण्यात जास्त वेळ जाईल, गोलच आहे, येईल. मग अख्ख्या शहराला पोटातून प्रदक्षिणा. फोन लागेना. तिची गाडी सुटणार, लेक आंधळी कोशिंबीर खेळत नजर दाखवणार, आणि हे शेजारी बसून मला प्रत्येक वळणाचा उतार समजावतायत. डोक्यावर घ्यावं की डोकं आपटावं!

मोठं स्टेशन आलं, इथे गाडी पाच मिनिटं थांबते. दार उघडलं, आणि दारातच लेक.

"तू इकडच्या फलाटावर कशी गं?"

"बाबा सोबत आहेत म्हणालीस ना? मग उलट्याच गाडीने येणार!" तिने चष्मा चढवला, मला घट्ट आवळलं, बापाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मी तर दुपारपाळीच मागणार आहे, बाबा." आणि धूम पळाली. वरून तिच्या गाडीची शिट्टी ऐकू आली, त्याच्या आधी तिचा "मिळाली गं!"

मी उतरायला निघाले तर ह्यांनी हात धरला.

"बस. हीच गाडी पुढे घरी जाते. दोनच स्टेशनं."

इतकं बरोबर होतं की मी भिंतीवरची अक्षरं दोनदा वाचली आणि मगच बसले.