डांबराचं तळं आणि दह्याची विहीर

“त्या तळ्यावर चालता येतं?” शैलाताईंनी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप खाली ठेवला.

“येतं की. डांबराचं आहे ना! त्यात बुडालेलं झाड कधीकधी पुन्हा वर येतं,” इंद्रा म्हणाली.

बेडोकच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतलं, पंख्याखालचं टेबल रोज सकाळी या दोघींचं. बोलणं इंग्रजीत, इंद्राचं झोके घेणारं, शैलाताईंचं थेट दादरचं. इंद्रा रामदीन मुलाच्या नोकरीपायी त्रिनिदादहून आलेली, शैलाताईंच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. इथल्या मराठी मंडळाच्या नीताने पहिल्याच भेटीत तिला विचारलं होतं, “आप कहाँ से हो?” इंद्रा नुसती हसली. रंग आपला, आडनाव आपलं आणि हिंदीचा गंध नाही! “शिष्ट आहे मेली,” असा ठराव तिथल्या तिथे पास झाला.

शैलाताईंना मात्र ऐकणारं माणूस हवंच होतं. नवरा गेलेला, मुलगी अनघा दिवसभर तांजोंग पगार भागातल्या बँकेत, आणि मंडळात त्यांच्या थापांना आता कुणी कान देईना. थाप म्हणजे तरी काय हो? वरणभात सगळ्यांकडेच असतो, लिंबू पिळणारा हात लागतो.

आणि इथे तर तोडीस तोड भेटलेली! इंद्रा म्हणाली, “आमचे लाल पक्षी लहानपणी करडे असतात. खेकडे खाऊन खाऊन लाल होतात.” शैलाताई म्हणाल्या, “माझ्या आजोळचे कावळे ताक पिऊन पांढरे व्हायचे.” इंद्रा म्हणाली, “तेलाची रिकामी पिंपं ठोकून आमच्या पोरांनी वाद्य घडवलं. अख्खा वाद्यवृंद त्यावर वाजतो.” मग शैलाताईंनी आजोळची दह्याची विहीर काढली. पोहरा सोडायचा, घट्ट दही ओढायचं. इंद्रा डोळे विस्फारून ऐके. काय बेरकी आहे, हसू जरासुद्धा फुटू देत नाही, शैलाताई मनात म्हणत.

आज तळ्यावरून गाडी इंद्राच्या पणजीवर आली. एकटी बाई ऊस तोडायला म्हणून कलकत्त्याला बोटीत चढली, महिनोन्‌महिने नुसतं पाणी बघितलं, आणि उतरली ती पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. “तिच्यासारखी पहिली माणसं घेऊन बोट आली ना, त्या दिवसाची आमच्याकडे सरकारी सुट्टी असते,” इंद्रा म्हणाली.

शैलाताईंनी टाळीसाठी हात पुढे केला. “जिंकलीस, बाई! थेट सरकारी सुट्टी! अशी थाप मला जन्मात जमली नसती.”

टाळी आली नाही.

“थाप?” इंद्राचा आवाज एकदम बारीक झाला. “शैला, तुझं मी सगळं खरं मानलं. विहिरीचंसुद्धा.” आणि ती पिशवी उचलून चालू लागली.

संध्याकाळी अनघाने फोनवर शोधून पाहिलं. “आई, सगळं खरं आहे अगं! तळं, पिंपं, सुट्टी.”

“पक्ष्यांचं?”

“तेही. तू काय म्हणालीस तिला?”

“कौतुक केलं.”

“आई!”

पुढे आठवडाभर शैलाताई टेबलाशी एकट्याच बसल्या. सांगण्यासारखं रोज काहीतरी सुचे, पण समोरच्या रिकाम्या खुर्चीला काय सांगणार? शेवटी त्यांनी समोरचं दार वाजवलं.

“तुझ्या पणजीचं पहिल्यापासून सांग. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.”

“तू?” इंद्राला हसू आवरेना. तिने दार पुरतं उघडलं.

इंद्रा सांगत राहिली. शैलाताई ओठ मिटून ऐकत राहिल्या. काय कष्ट पडले ते त्यांचे त्यांना ठाऊक. बोलता बोलता इंद्रा म्हणाली, “पणजीची एक अंगाई आहे. आजीने आईला दिली, आईने मला. अर्थ आमच्यात कुणालाच माहीत नाही. तुला कळेल का गं?” आणि डोळे मिटून गायली.

तोंडोतोंडी झिजून गुळगुळीत झालेले शब्द. शैलाताईंच्या डोक्यात क्षणात सगळं जुळून आलं: नदी, पालखी, दिवा घेऊन उभी असलेली आई. इतकी देखणी थाप त्यांना आजवर सुचली नव्हती. आणि इंद्राने ती मानलीही असती.

“एकच शब्द कळला,” त्या म्हणाल्या. “नैहर. म्हणजे बाईच्या आईचं घर. बाकीचं मला नाही येत गं.”

इंद्राने तो शब्द हळूच एकदा म्हणून पाहिला. मग अंगाई पुन्हा सुरू केली. त्या शब्दापाशी आली, की जरा थांबायची.