दाभोसा नावाची खोली

"मीच मोठ्यानं बोलले असेन," नीताताई पुन्हा म्हणाली. "शेजारी कुणीतरी ऐकलं असणार."

गौतम नुसता ऐकत होता.

नीताताई त्याची चुलतबहीण, जव्हारला एका महिला संस्थेत समुपदेशक. पाड्यापाड्यांतल्या बायका तिला फोन करायच्या. पण घरच्यांनी फोन चाळला की नंबर सापडायचा. म्हणून गौतमनं तिला एक वेबपान करून दिलं. तो पुण्यातल्या कंपनीचं काम जव्हारला घरूनच करायचा. पान उघडून बोलण्यासाठीच्या खोलीचं नाव टाकायचं. तेच नाव टाकलेले फोन थेट एकमेकांना जोडले जायचे. बोलण्याच्या मध्ये कुणाचा सर्व्हर नाही, बोलणं कुठं साठत नाही. फोनना एकमेकांचा पत्ता कळावा एवढाच निरोप जगभरच्या अनोळखी लोकांनी चालवलेल्या खुल्या रिलेंवरून, म्हणजे निरोप पुढं पाठवणाऱ्या संगणकांवरून, जायचा. संस्थेच्या बैठकीत त्याचं फार कौतुक झालं.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्यानं खोलीला आधी ठेवलेला पासवर्ड काढून टाकला होता. सगळ्यांसमोर बायका टाइप करताना अडखळल्या तर बरं दिसणार नाही, म्हणून. खोलीला गावाचं नाव पुरे. खोलीत किती जण आहेत तो आकडाही त्यानं काढला. पान सुटसुटीत दिसायला लागलं.

दाभोसा गावची प्रमिला याच पानावरून बोलायची. बारावी झालेली, एका मुलीची आई. नवरा मारायचा. मुलीला घेऊन मोखाड्याला मावशीकडे जायचं आणि नर्सिंगला नाव घालायचं, असं तिनं नीताताईशी बोलून ठरवलं. निघायच्या दिवशी तिचा दीर मंगेश जीपच्या थांब्यावर आधीच उभा होता. कोणती जीप, कोणती मावशी, सगळं त्याला ठाऊक. फोन काढून घेतला आणि तिला नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर धाडलं.

नीताताई स्वतःला बोल लावू लागली, तेव्हा गौतमनं घरातले दोन फोन 'दाभोसा' नावाच्या खोलीत जोडले. मग तिसऱ्या फोनवर तेच नाव टाकलं. तिसराही आत आला, त्यावर सगळं बोलणं ऐकू येत होतं, आणि पहिल्या दोघांवर काही म्हणजे काही दिसलं नाही.

तरी नीताताईला सांगायला त्याला बरेच दिवस लागले. शेवटी त्यानं सांगितलं, तेव्हा तिनं सरळ विचारलं.

"पासवर्ड काढताना तुला कळत होतं, कुणीही येऊ शकेल ते?"

"कळत होतं. कुणी येईल असं वाटलं नाही."

"आणि मी स्वतःला बोल लावत होते, ते ऐकत बसलास."

"हो."

"पान आज बंद कर. आणि प्रत्येकीला गाठून तूच सांग, का बंद केलं ते. फोनवर नाही."

बायकांना गाठून सांगायला तो बाजाराच्या दिवशी बाजारात तिच्याबरोबर बसू लागला. बायका ऐकायच्या, मान हलवायच्या, भाजी घेऊन निघून जायच्या. एकीनं फक्त विचारलं, "म्हणजे माझंपण ऐकलं असंल कुणी?" त्याला सांगता येईना. काहीच साठत नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, हेही नाही.

भट्टीचा हंगाम संपायच्या आधीच प्रमिला मुलीला घेऊन एकटी संस्थेत आली. आता परत जाणार नव्हती. नर्सिंगची मुदत गेली होती. पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. गौतमनं तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे दार उघडंच होतं," ती म्हणाली.

"हो. मीच ठेवलं."

तिनं मुलीकडे पाहिलं. "मंगेशला कळलं कसं, माना समजंना. बोलताना घरात आम्ही दोघीच राहायचो. मी पोरीला लय मारलं, दादा. हिनंच सांगितलं समजून. ती नाय नाय म्हणत होती."

"चूक माझी होती," गौतम म्हणाला. नीताताई खिडकीकडे बघत होती.

"हे माना नको सांगू," प्रमिला म्हणाली. "तिला सांग."

मुलगी बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. गौतम तिच्यासमोर उकिडवा बसला. "तू काकाला काही सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला. "माझ्या चुकीमुळं त्याला कळलं."

मुलीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती.