तोंडाकडची अकरा मतं

पिंपळीच्या पुढं कालव्यातून एक फाटा निघतो आणि नऊ किलोमीटर वाहत जाऊन इंदापूर तालुक्यात संपतो. संपायला हवा, असं म्हणा. पाणी सहाव्या किलोमीटरलाच दम सोडतं. फाट्याच्या सुरुवातीला ज्यांची रानं ते तोंडाकडचे, शेवटाला ज्यांची ते शेपटाकडचे, आणि मधले ते मधले. इथं माणसाला पक्ष विचारायची गरजच नाही. रान कितव्या किलोमीटरला आहे तेवढं सांगा, मत कुठं पडणार ते शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

सारजा नांदायला तोंडाकडं, माहेर शेपटाकडं. तिच्या धाकट्या भावाची, बिरदेवची, तिथं पेरूची तीनशे झाडं होती. दोन उन्हाळे त्यानं टँकर आणून ती जगवली. यंदा मात्र त्यानं फोनवर सांगून टाकलं, "अक्का, ह्या उन्हाळ्यात फाट्याचं पाणी आलं न्हाय तर बाग काढतो आन् पुण्याला कुठंतरी वॉचमन लागतो." तेव्हापासून सारजाला घास गोड लागत नव्हता.

अशात पाणी वापर संस्थेनं मतदान लावलं. प्रश्न एकच: उन्हाळ्याचं पाणी आधी कुणाला द्यायचं, तोंडाला की शेपटाला? सभासद एकशे चोवीस. आणि तोंडाकडच्यांचा म्होरक्या कोण, तर सारजाचा नवरा रावजी. आता काय बोलावं!

"शेपटाची अडतीस मतं त्यांचीच," रावजी ओसरीवर बसून चौघांना समजावत होता. "मधली चाळीस. पाणी वरनं सुरू करा न्हायतर खालनं, त्यांच्याकडं मधीच यायचं. ते निम्मे-निम्मे फुटणार. आपली सेहेचाळीस एकगठ्ठा पडली की मिटलं." सारजानं चहा ठेवला आणि आत गेली. तिचंही मत त्या सेहेचाळीसांत होतं, पण ते कुणी तिला विचारलं नाही. गठ्ठ्यातल्या काडीला कोण विचारतं?

रविवारी शाळेत मतदान झालं. सारजानं आत जाऊन शेपटाच्या चौकोनावर शिक्का मारला, चिठ्ठीची चौघडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर आली. मनाला बरं वाटत होतं. एक तर एक, भावासाठी दिलं. ते बरं वाटणं दुपारी मोजणीपर्यंत टिकलं. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी तीन पेट्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि सांगितलं, "तिन्ही भागांची मोजणी वेगवेगळी होईल."

सारजानं मनात हिशोब केला. तोंडाकडच्या पेटीतून पंचेचाळीस आणि एक निघणार, आणि तो एक कुणाचा हे आंधळ्यालाही दिसणार. संस्थेच्या प्रत्येक सभेत रावजीशी भांडायला उभा राहणारा शेपटाकडचा गडी म्हणजे बिरदेवच. त्याची बहीण दुसरी कोण होती? घरातल्या बाईनंच नवऱ्याचं नाक कापलं, असं गावभर होणार. बरं, एवढं करून भावाला पाणीही मिळणार नाही. आपण काय करून बसलो, असं तिला झालं.

शेपटाची पेटी आधी फुटली. अडतीसच्या अडतीस. मधली पेटी, वीस-वीस. रावजीनं मान डोलावली. त्याचं गणित बरोबर चाललं होतं. मग तोंडाकडची पेटी उघडली. चौथीच चिठ्ठी शेपटाची निघाली. सारजानं डोळे मिटून घेतले. साहेब पुढं वाचत राहिले, आणि नवव्या चिठ्ठीलाही ते शेपूटच म्हणाले. सारजानं डोळे उघडले. आपण तर एकच चिठ्ठी टाकली होती. मग शेपटाची तिसरी निघाली, चौथी निघाली, आणि मोजणी संपली तेव्हा तोंडाकडच्या पेटीत शेपटाची अकरा मतं होती. सगळी मिळून एकोणसत्तर विरुद्ध पंचावन्न. शेपूट जिंकलं.

गडी एकमेकांची तोंडं बघत बसले. बायका मात्र कुणीच कुणाकडं बघत नव्हत्या. सारजाच्या शेजारची पद्मा पदराला नसलेली घडी घालत होती, पलीकडच्या घरातली स्वप्नाली वरच्या पंख्याची पाती मोजत होती. सारजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंडाकडची माणसं लेकी देताना बागायत बघून बारामतीच्या अंगाला देतात, आणि सुना आणतात शेपटाकडून, कारण कोरड्या रानातला बाप बागायती स्थळाला नाही म्हणत नाही. वर मागच्या दोन वर्षांत ठिबकचं अनुदान पुन्हा घेता यावं म्हणून एकानं बायकोच्या नावावर एकर केला, त्याचं बघून दुसऱ्यानं केला. ज्याचा सातबारा त्याचं मत. शहाण्यांनी आपल्या हातानं माहेरवाशिणींना मतदार करून ठेवलं होतं! सारजाला एवढं हलकं वाटलं की तिथंच हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. अकरांत आता कोण कुणाला ओळखणार?

रावजी संध्याकाळी घरी आला. हातपाय धुतले, पाटावर बसला, आणि ताट पुढं आल्यावर म्हणाला, "अकरा जणांनी दगा दिला. कोण असतील?"

सारजाला सांगून टाकावंसं वाटलं. न सांगताही निभावलं असतं. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेली तिची सासू, धोंडाबाई, शांतपणे म्हणाली, "एक माझं हाय."

रावजीचा घास हातातच राहिला. म्हातारीच्या नावावर दोन एकर होते खरे. "आये, तू? तुला काय पडलं होतं शेपटाचं? तितं आता कोण हाय तुझं?"

"कुणी न्हाय," धोंडाबाई म्हणाली. "माझ्या भावानं पाणी न्हाय म्हनून रान टाकलं, भिवंडीला गेला, तितंच मेला. तवा तुझा बा हितं पाण्याच्या दोन दोन पाळ्या घेत हुता. मला तवा कुणी मत दिलं न्हवतं."

"एक माझं," सारजा म्हणाली. बोलून झाल्यावर तिला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं.

रावजीनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मंगळवारी पाणी सुटतंय, आपल्याला ते चार दिस उशिरा येईल. तेवढंच हाय ते." आणि खिशातला फोन काढून त्यानं सारजापुढं धरला. "लाव त्याला. रात्रीत बाग तोडून बसायचं गाढव."

बिरदेवनं पहिल्याच घंटीला उचलला. त्याला निकाल कळला होता. "अक्का," तो म्हणाला, आणि त्याला हुंदकाच फुटला.

धोंडाबाईनं हात पुढं केला. "दे हिकडं." तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "पोरा, रडू नगं. मंगळवारी बागेत पाण्याची दारं धरायला जा. तुला भैन हाय."