डावी गाठ

मळेकऱ्याने मोटर दुकानाच्या पायरीवर अशी आदळली, की शेजारच्या शिंपीणबाईंच्या मशीनवरची कात्री खाली पडली.

“घे तुझं कर्तृत्व! थंडीत नवी तार भरलीस, उन्हाळ्यात जळाली. तिकडे काकडीचे वेल माना टाकून बसलेत. जमीन अशी फाटलीय की पाय ठेवला तर घोटा आत जातोय. आणि तू इथे पंख्याखाली बसलीस होय गं?”

वायरवाली उठली. जळक्या वार्निशचा वास नाकात गेला. तारेचे वेढे चुकले असतील का? तार कुठे खरचटली असेल?

मळेकऱ्याच्या मागून तिचा मामा आलाच. सख्खा मामा. वरच्या रस्त्याला त्याचं मोटरी भरायचं जुनं दुकान. आठ वर्षं ती तिथे वाकून कॉइली भरत होती. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हापासून मामा पारावर बसून एकच पाढा म्हणायचा, ‘बाईच्या हातची मोटर, आज पाणी, उद्या धूर.’ लोकांनी ऐकलं ते ऐकलं, पण ते बोल तिच्याच डोक्यात जाऊन बसले. मोटर भरून दिली की ती गिऱ्हाइकाच्या बांधावरून उगाच चक्कर मारायची, चालू आहे का ऐकायला. चोरासारखी.

“मी सांगत होतो,” मामा चारचौघांना ऐकू जाईल असं बोलला. “तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे आणली, मी नुसतं बेअरिंग बदललं. तारेला बोट लावलं नाही. तार हिचीच.”

“मग आता?” मळेकरी.

“आता काय? मी देतो भरून. आणि भाचे, तू दुकानाची चावी माझ्याकडे दे. झाकली मूठ राहू दे. परत ये माझ्याकडे कामाला. रक्ताची आहेस, टाकणार नाही मी तुला.”

तिचा हात खरंच कमरेच्या चावीकडे गेला. मग म्हणाली, “आधी उघडून तरी बघते.”

“कशाला उघडतेस? जळालीय ते दिसतंय की!”

तिथे तिला खटकलं. उघडल्याशिवाय मोटरबद्दल तोंड उघडू नये, हे मामानेच तिला शिकवलं होतं. आज हाच नको म्हणतोय?

तिने पाना उचलला. पहिल्या बोल्टवरून पाना दोनदा घसरला, मामा फिसकन हसला. तिने खाली बघूनच चारही बोल्ट काढले.

आत सगळं कोळसा. पण एका अंगाला कॉइल बांधायचा सुती दोरा शाबूत होता आणि दोऱ्यावरच्या गाठी होत्या. ती बघतच राहिली. मग तिने रागाने हाक मारली.

“मळेकरी, इकडे या. या गाठींच्या शेंड्या कुणीकडे आहेत?”

“डावीकडे.”

“आता फळीवरच्या त्या तीन उघड्या मोटरी बघा. माझ्या हातच्या.”

मळेकऱ्याने बघितल्या. शिंपीणबाईंनीही चष्मा लावून बघितल्या. “सगळ्या उजव्या!”

“मामा डावखुरा,” ती म्हणाली. “त्याच्याकडे होते तेव्हा मीही त्याचीच गाठ मारायचे. इथे आले त्या दिवशी ती सवय पहिली सोडली.”

“दोऱ्याचं काय घेऊन बसलीस? मीही उजवीच मारतो,” मामा उसळला.

तिने दोरा तोडून त्याच्या हातात दिला. “मारा.”

मामाने उजव्या हाताने प्रयत्न केला. दोरा निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा बोटंच आपल्या वाटेने गेली. गाठ बसली. शेंडी डावीकडे.

“अगं बाई!” शिंपीणबाई ओरडल्या. “चोराने आपणहून अंगठा उमटवला की!”

तिने कॉइल खरवडली. तारेत जोडावर जोड निघाले. “माझी चांगली तार काढून घेतली, आणि भंगारातली भरली. वर नाव माझं.”

मळेकऱ्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. मामा तिच्या कानाशी लागला, “भाचे, घरातलं घरात राहू दे.”

“पारावर माझं नाव घेत होतात, तेव्हा घर कुठे गेलं होतं?” ती मोठ्याने म्हणाली. मग छिन्नी-हातोडी त्याच्या पायाशी टाकली. “बसा. ज्याने भरली त्याने जळकी तार काढायची. इथेच, पायरीवर. नाहीतर ही जोडांची तार घेऊन मी स्वतः पारावर जाते.”

मामाने मळेकऱ्याकडे बघितलं. मळेकरी वाट अडवून उभा होता. मामा बसला.

ऊन माथ्यावर आलं. माणसं जमली, कुणी हलेना. मामाचा सदरा घामाने भिजला, मोटरीतली तारेची एकेक खाच रिकामी होत होती. वायरवाली दारात नवी कॉइल गुंडाळत बसली, वेढे मोठ्याने मोजत.

शेवटी शिंपीणबाईंनाच राहवेना. “सोड गं आता. म्हातारा माणूस आहे.”

तिने मान वर केली नाही.

“अजून अकरा खाचा राहिल्यात.”