पायाला काय लागलं

आईच्या पायाची जखम भरत नव्हती आणि मला घरात बसवत नव्हतं. ओहोटीच्या चिखलात फुटकी बाटली तिच्या टाचेत घुसली होती. त्यात तिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पुन्हा चिखलात उतरलात तर पाय काढावा लागेल. घरी येऊन आई मला म्हणाली, "उद्या तू उतरायचंस. मी काठावरून बघते."

आमच्या बेटावर शिंपल्या पायाने शोधतात. अनवाणी चालायचं, कडेला खाचा असलेली गोल शिंपली तळव्याला लागली की पायानेच तिचा आकार जोखायचा. मोठी असली तर काढायची, बारकी तिथेच सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षाला काहीतरी उरतं. आईला हे आजीने शिकवलं. मला मात्र काचांच्या भीतीने आईच चिखलात जाऊ द्यायची नाही. मी खेळले ते काठावरच्या कचऱ्यात. बाटल्यांची झाकणं मी डोळे मिटूनही ओळखते.

"गमबूट घाल आणि दाताळं ओढ," काकाने सुचवून पाहिलं. "हल्ली सगळे तेच करतात."

"दाताळ्याला लहान-मोठं कळतं का?" आईने त्याला उडवून लावलं. "सगळे तेच करतात म्हणून तर काही उरत नाही."

सकाळी ती पट्टी बांधलेला पाय उपड्या क्रेटवर ठेवून काठावर बसली. मी उतरले ती रागातच. राग नक्की कोणावर, तेही ठरेना. बोटींतून बाटल्या भिरकावणाऱ्यांवर म्हणावं, तर धक्क्यावरच्या टपरीत दिवसभर पाण्याच्या बाटल्या मीच विकते.

"टाच टेकवू नको. बोटांनी बघ."

पिशवी लागली. नायलॉनच्या दोरीचा गुंता लागला. मग झाकण, पुन्हा झाकण. दर वेळी काच असेल म्हणून मी पाय झटकन उचलायचे.

"आता काय लागलं?"

"झाकण. झाकणांचा मळाच आहे इथे, आई."

ती हसली नाही. "त्या खडकाच्या डावीकडे जा. तिथे पाय फिरव."

फिरवला. गोल, कडेला बारीक खाचा. "झाकण," मी म्हणाले आणि पुढे निघाले.

"काढून दाखव."

"किती झाकणं दाखवू तुला?"

"एवढंच दाखव."

मी वैतागून कोपरापर्यंत हात खुपसला. वर आली चांगली टपोरी शिंपली, तोंड घट्ट मिटलेली.

मला मान वर करवेना. आधी कितींना झाकण म्हणून ओलांडून आले होते, कोण जाणे.

"पहिल्यांदा झाकण पायाला लागलं, तेव्हा शिंपली समजून मी वाकले होते," आई हळूच म्हणाली. "तुझ्याएवढीच होते." मग तिने पट्टीची गाठ सोडायला घेतली.

मी चिखल तुडवत धावले आणि तिचा हात धरला. "तू उतरायचं नाहीस."

"मग ओळखणार कोण?"

"मी. लागेल ते प्रत्येक वर काढून बघते. झाकण तर झाकण. पायाला फरक कळेपर्यंत."

तिने गाठ सोडली नाही, पण गाठीवरचा हातही काढला नाही. मी परत आत गेले. भरती लागली होती, पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. पायाखाली काहीतरी गोल आलं.

"काय आहे?" काठावरून तिने विचारलं.

"अजून सांगता येत नाही," म्हणत मी वाकले.