चमच्याची मूठ

मित्रांनो, मी एक जुना वायरवाला माऊस आहे आणि मला एका जागी बसवत नाही. कारखान्यात मला खोक्यात कोंबलं तेव्हाच माझा जीव कासावीस झाला होता. पुढे एका ऑफिसात बरीच वर्षं धावलो. हा कधी दगा देत नाही, असं सगळे म्हणायचे. मग बिनवायरचे भाऊबंद आले आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे पडून पडून मी पार वैतागलो.

त्याच ऑफिसातल्या एका ताईने मला उचलून घरी आणलं. तिचे बाबा मोठ्या आजारातून उठले होते, पण उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. चमचा निसटायचा. ताई भरवायला बसली की ते दोन घासांत तोंड फिरवायचे. भूक असायची हो, पण लेकीकडून भरवून घ्यायची लाज वाटायची. म्हणून ताईने ठरवलं, त्यांच्या हातात बसेल अशी चमच्याची मूठ आपणच संगणकावर काढायची आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यायची. संगणक जेवणाच्या टेबलावरच होता, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

ताई अगदीच नवशिकी. पहिली मूठ तिने सॉलिड काढली, म्हणजे भरीव. एक गोल काढून लांब ओढला, झाला दांडू. तो छापून आला, पण बाबांच्या हातात गरगर फिरायला लागला. घास मांडीवर.

मग तिने बाबांना कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावला. बोटांचे खळगे बघून सरफेसने नवी मूठ काढली. सरफेस म्हणजे नुसता पृष्ठभाग. त्याला हवी तशी वळणं देता येतात, पण जाडी मुळीच नसते. मूठ इतकी देखणी झाली की मीही फुशारलो. प्रिंटवाल्याचा लगेच फोन आला. "अहो ताई, ही नुसती साल आहे. आत काहीच नाही, मशीन छापणार काय?"

सगळा राग माझ्यावर निघाला. दाणकन आपटलं मला! मग शिकवणीच्या व्हिडिओतून तिला कळलं की मूठ अशा अनेक सालींची बनते आणि त्या कडेला कड लावून शिवायच्या असतात. उशीच्या अभ्र्यासारखं सगळीकडून बंद झालं, तरच आत भर घालता येते. तिने शिवलं, पण सॉफ्टवेअर अडून बसलं. कुठेतरी फट होती आणि ती सापडेना. जवळून बघायचं तर माझं चाक फिरायला हवं, आणि तेच अडकत होतं. चित्र एकदम नाकाशी यायचं, नाहीतर हलायचंच नाही. इकडे बाबांनी टेबलावर यायचंच सोडलं. माझी नुसती तगमग होत होती.

शेवटी ताई नवा माऊस आणायला निघाली. पायात चप्पल घातली तेवढ्यात बाबा दारात आले.

"माझा हात चालत नाही म्हणून मला टाकलंस का? उघडून तर बघ त्याला."

ताईने चप्पल काढली आणि खाली बसून मला उघडलं. माझ्या पोटातून केस निघाले, धूळ निघाली, बिस्किटाचा चुरा निघाला. चाक कसं मोकळं झालं! हळूहळू जवळ गेलो, तर अंगठ्याच्या खळग्याशी केसाएवढी फट. ताईने ती साल थोडी वाढवली, पुन्हा शिवली आणि आत भर घातली. पडद्यावर मूठ आडवी कापून पाहिली, तर आतून भरलेली.

छापून आलेली ती मूठ लावलेला चमचा घेऊन बाबा आता टेबलावर बसलेत. पहिला घास थरथरत सांडला. दुसरा तोंडात गेला, तिसराही. मग डाव्या हाताने त्यांनी ताईचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आता तूही गरम जेव," ते म्हणाले. त्यांना भरवता भरवता तिचं ताट रोज निवून जायचं.

मित्रांनो, अडलेली वस्तू फेकायची घाई करू नका, आधी तिच्या पोटात काय अडकलंय ते बघा. माझंच चाक बघा, आताशा पुन्हा कुरकुरतंय. ताईला सांगायला हवं. पण ती जेवतेय ना. जेवू दे तिला. तेवढा वेळ बसतो मी गप्प.