धम्मानंदच्या दाराचं कुलूप

थांबा. आधी तुम्ही कोण, कोणाचे आणि या दाराशी कशाला आलात, ते सांगा. विचारल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही. मुलं आहात होय? बरं, मग बसा ओट्यावर. हात मात्र लांब ठेवा.

मित्रांनो, मी पितळी कुलूप आहे आणि आता चांगलंच जुनं झालो आहे. दुबलगुंडी गावात धम्मानंद नावाचा वेल्डर राहतो, त्याच्या घराच्या दाराला मी लटकतो. माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला घासून चकचकीत केलं, चावी फिरवून पाहिली आणि पेटीत टाकलं. पुढे बिदरच्या दुकानात मी पुष्कळ दिवस पडून होतो. धम्मानंद तेव्हा बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात नुकताच कामाला लागला होता. त्याने मला विकत घेण्याआधी दुकानातच इतकं ओढून पाहिलं की दुकानदार म्हणाला, "आता तुटलं तर तुलाच घ्यावं लागंल!" माणूस पारखून घेणारा निघाला, म्हणून मला बरं वाटलं.

कुलपाचं तोंड गल्लीकडे आणि पाठ घराकडे. त्यामुळे घरात काय चालतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीतला माणूस मात्र माझ्या नजरेतून सुटत नसे. भांडी विकणारी आली की मला वाटे, ही दार बघून ठेवते आहे. मीटर बघणारा आला की वाटे, याला मीटरचं एवढं काय पडलंय? समोर रेवणसिद्धप्पांचं किराणा दुकान आहे. ते दिवसभर गादीवर बसून माझ्याकडे बघत, म्हणून मी त्यांच्याकडे बघत असे. "मजबूत कुलूप हाय," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. आपली स्तुती करणाऱ्यावर तर मी जास्तच नजर ठेवतो.

मग धम्मानंदला परदेशी जायची संधी आली. आफ्रिकेतल्या एका देशात विजेचे मोठे टॉवर उभे करायचे होते. मंठाळ गावचा त्याचा सोबती महेशकुमारही बरोबर निघाला. दोघे इथूनच, या ओट्यावर चहा पिऊन गेले. काही महिने फोन येत राहिले. मग एक दिवस बातमी आली, की हत्यारबंद माणसांनी कामगारांच्या छावणीवर धाड घातली आणि जे सापडले त्यांना धरून नेलं. दोघेही त्यात होते.

त्यानंतर दाराशी माणसांची रीघ लागली. कोणी धीर द्यायला येई, कोणी नुसतं बघायला. रडून रडून धम्मानंदच्या बायकोचा, पंचशीलाचा आवाज बसला होता, तरी लोक तेच तेच विचारत. शेवटी तिने एक युक्ती काढली. पुढच्या दाराला मला लावायचं, वळसा घालून मागच्या दाराने आत जायचं आणि गप्प बसायचं. लोक येत, मला बघत आणि "घरी कुणी न्हाई" म्हणत परत जात. ही युक्ती मला फार आवडली. त्या काळात मला तेल द्यायचं मात्र कोणाला सुचलं नाही. माझ्या कडीला गंज चढला.

तुरीला फुलं आली तेव्हा धम्मानंद परत आला. त्या लोकांनी काही जणांना सोडलं होतं, त्यात तो होता. वस्तीने "जय भीम" म्हणत त्याला हार घातले. मी मात्र त्याला ओळखलं नाही. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. आत जाण्याआधी त्याने मला दोन बोटांनी उचललं, चावीचं भोक निरखलं आणि सोडून दिलं. मी दारावर आपटलो. त्या आवाजाने तो असा दचकला, की मला त्याचा संशय आला. स्वतःच्या घरच्या कुलपाला कोण भितं?

संशय मला एकट्यालाच होता असं नाही. महेशकुमार आला नव्हता. तो अजून तिकडेच होता.

दुकानात रेवणसिद्धप्पा म्हणाले, "एकाच जाग्यावरनं दोघाला धरलं. एकाला सोडलं, एकाला ठिवलं. कामून?"

"ह्यानं त्या लोकांचं कायतरी कबूल केलं आसंल," गिऱ्हाईक म्हणालं.

मलाही ते पटलं. धम्मानंद ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसे. कोणी अचानक जवळ आलं की उठून उभा राही. कोणाच्या नजरेला नजर देत नसे. चोराची लक्षणं मला पाठ आहेत, मित्रांनो!

एके दिवशी महेशकुमारची आई, चंद्रम्मा, मंठाळहून आली. ती ओट्यावर बसली नाही की पाणी प्याली नाही. "तू आलास," ती म्हणाली. "माझा महेश कामून न्हाई आला?" धम्मानंदने तिच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग आत निघून गेला. ती बिचारी भर उन्हात परत गेली. त्या दिवशी मला त्याचा रागच आला.

त्यानंतर थोड्या दिवसांची गोष्ट. धम्मानंदला दुपारी कधी नव्हे ती झोप लागली होती. पंचशीलाला ज्वारी दळायला गिरणीवर जायचं होतं. कोणी येऊन त्याला उठवू नये म्हणून तिने आपली जुनी युक्ती केली. मागचं दार नुसतं लोटलं, पुढे मला लावलं आणि रेवणसिद्धप्पांना सांगितलं, "अण्णा, हे बिदरला गेलेत. कुणी आलं तर तसं सांगा."

ती गेली. गल्ली शांत होती. आणि एकाएकी मला आतून कोणीतरी ओढलं.

माझ्या सगळ्या आयुष्यात मला आतून कोणी ओढलं नव्हतं. दार हलत होतं, मी खडखड वाजत होतो. मागचं दार उघडं होतं, हे झोपेतून उठलेल्या धम्मानंदला आठवलंच नाही. समोर रेवणसिद्धप्पा ताडकन उठले. बाहेर कुलूप, मालक बिदरला, आणि आत कोणीतरी आहे. त्यांनी आरोळी ठोकली, "चोर! चोर शिरलाय!"

लोक काठ्या घेऊन धावले. आरडाओरडा झाला तसं ओढणं थांबलं.

पंचशीला पिठाचा डबा वाटेतच टाकून पळत आली. "आवं, त्येच हायत आत! मारू नका!" तिने चावी उलटी घातली, मग सुलटी करून फिरवली. दार उघडलं. धम्मानंद दोन्ही हात डोक्यावर ठेवून, मान खाली घालून बाहेर आला. कोणी न सांगता ओट्यावरून उतरून गुडघे टेकून बसला. रेवणसिद्धप्पांच्या हातातली काठी खाली पडली. मित्रांनो, हा चोर नाही, हे मला तेव्हा समजलं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर धम्मानंद घरात जाईना. जेवण ओट्यावर, झोप ओट्यावर. पंचशीलाने पाया पडून विनवलं, तरी त्याने उंबरा ओलांडला नाही. तो पुन्हा कधी घरात जाईल असं कोणाला वाटेना.

झाली गोष्ट मंठाळपर्यंत गेली आणि चंद्रम्मा पुन्हा आली. या वेळी ती ओट्यावर बसली. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तेव्हा धम्मानंद आपणहून बोलला.

"काकू, सोडायच्या दिशी आमाला डोक्यावर हात ठिवून रांगेनं भाईर काढलं. महेश लई भांडायचा, म्हणून त्येला येगळ्या खोलीत ठिवलं व्हतं. त्येच्या दाराम्होरनं गेलो तवा कुलूप वाजायलतं. आतून ओढायलता त्यो. त्येला वाटलं आसंल, धम्मा तरी हाक मारंल. म्या तोंड उघडलं न्हाई."

चंद्रम्मा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "वाजायलतं?"

"व्हय."

"जोरात?"

"लई जोरात."

"यप्पा!" तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मंजी जित्ता हाय की रे माझा ल्योक! अंगात ताकद हाय त्येच्या! मला कुणी एवढं बी सांगितलं न्हाई. इतके दिस कामून गप बसलास?"

दोघंही खूप रडली. रेवणसिद्धप्पा दुकानातून तेलाची बुधली घेऊन आले आणि कोणाकडे न बघता माझ्या कडीत तेल सोडत बसले. मला त्यांचाही संशय आला, पण तेल चांगलं होतं.

मग पंचशीलाने माझ्या दोन्ही चाव्या धम्मानंदच्या हातावर ठेवल्या. "आता तुमीच लावा, तुमीच काढा," ती म्हणाली. तो उठला. उघड्या दारात उभा राहून त्याने मला हातात घेतलं, आणि उंबरा ओलांडला.

आता घरात माणूस असलं की मी आतल्या खिळ्याला असतो. त्यामुळे एवढ्या वर्षांनी मला घर दिसलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, कोपऱ्यात ज्वारीची कणगी आहे. चंद्रम्मा महिन्यातून एकदा येते आणि त्याच गोष्टीतलं तेच पुन्हा विचारते, "जोरात वाजायलतं ना रे?" तो दर वेळी सांगतो. महेशकुमारची अजून खबर नाही.

घरातले सगळे शेताला निघाले की धम्मानंद मागे थांबतो. रिकाम्या घराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारतो, "आत कोण हाय का?" आणि कान देऊन उभा राहतो. येणारे-जाणारे हसतात. मी हसत नाही, मीही ऐकत असतो. मग तो मला लावतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात चाव्या येतील. मला वेळच्या वेळी तेल द्या, पावसात गंजू देऊ नका. आणि कुठलंही दार लावण्याआधी आत एक हाक मारा. हाक मारून लगेच चावी फिरवू नका. आतल्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.